बत्तीस सुटी कुसवं

आज चार स्टुलांसाठी बत्तीस सुटे टेनन केले, म्हणजे सुटी कुसवं: जोडायच्या दोन्ही भागांत खाच करून मध्ये गोंदाने बसवायचे लाकडी तुकडे. मागच्या वेळी शहाणपणा करून एकेक तुकडा कापून, घासून बसवत होतो. अख्खी दुपार त्यात गेली होती. आज उलटं केलं. उरलेल्या सागाच्या लांब पट्ट्या काढल्या, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनेच, आणि रंध्यावर १० मिमी जाडीला आणल्या. खरा वेळ इथेच द्यायचा. पट्टीचं टोक खाचेत घालून बघायचं. हाताच्या दाबाने सरकलं पाहिजे. हातोडी लागली तर रंध्याचा एक हलका हात अजून, कारण गोंदाने लाकूड फुगतं. एक पट्टी जुळली की तिची सगळी कुसवं जुळली!

पट्टीच्या कडा राउटरने (खाचा पाडायच्या, कडा घडवायच्या यंत्राने) अर्धगोल करायचा हट्टही सोडला. कोपरे रंध्याने मारले, रुंदी जराशी कमी ठेवली. पकड सपाट बाजूंची असते, खाचेच्या गोल टोकांना गोंद तसाही फारसा धरत नाही. उरलेल्या फटीतून जादा गोंदाला वाट मिळते, ते वेगळंच.

मग मापाला अडणारा ठोकळा लावून ४८ मिमीचे तुकडे. खाचा दोन्हीकडे २५ मिमी खोल, म्हणजे मध्ये २ मिमी मोकळे. पावणेदोन मीटरभर पट्टीत काम आटोपलं.

तीन जादा कापलेत. एक आत्ताच भुशात हरवलाय.