भरडीखालचा वाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. खाली पोफळी, वर काजूची भरड, म्हणजे कोरडवाहू वरकस जमीन, आणि दोन्हींच्या मधे सुट्या लाल मातीची उतरण. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. दर पावसाळ्यात ती माती खाली यायची, पाट बुजायचा, पोफळीच्या आळ्यांत चिखल बसायचा. चिऱ्यांचा बांध घातला, तर दुसऱ्याच वर्षी पाण्याने त्याच्या खालून वाट काढली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, विहिरीकडचा वाळा लाव की. माठात घालायला आपण त्याचीच मुळं काढतो. त्याने एवढी वर्षं काठ कसा धरून ठेवलाय, बघितलंस ना?"

रोज पाहत होते, पण तसा विचार कधी केला नव्हता. वाळ्याच्या गवताचं मूळ आडवं पसरत नाही, सरळ खाली उतरतं; चांगल्या जमिनीत तीन-चार मीटरही जातं. त्यामुळे शेजारच्या झाडाशी त्याचं भांडण नाही. आपल्याकडच्या दक्षिणी वाळ्याचं बी रुजत नाही आणि त्याला धावणारे फुटवेही नसतात, म्हणून लावला तिथेच राहतो. म्हैसूरजवळ गुंडलुपेटकडचे शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या बांधावर लावत आले आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी माती धरण्यासाठी याच गवताचा प्रचार केला.

पहिल्या वर्षी मी दोन चुका केल्या. लावणी ऑगस्ट संपताना केली, आणि ठोंब हातभर अंतरावर लावले. पाऊस गेला तेव्हा मुळं वरवरच होती. मे महिन्यापर्यंत निम्मे ठोंब वाळून गेले. जूनमध्ये पाणी उरलेल्या ठोंबांच्या मधून घुसलं आणि तिथे आधीपेक्षा खोल घळी पडल्या. विरळ ओळीत सगळं पाणी फटींकडेच वळतं, हे त्या दिवशी उतरणीवर भिजत उभी राहून पाहिलं. रडू आलं होतं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यातच तयारी केली. तीन काठ्या इंग्रजी ए अक्षरासारख्या बांधल्या, मधे दोरीला दगड लटकवला, आणि त्यावर समपातळी पाहत उतरणीला आडव्या रेषा आखल्या. ओळ जराशी जरी कलती गेली तरी पाणी तिच्या कडेने वाहत सुटतं, म्हणून या कामाला दोन दिवस दिले. जूनचे पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाल्यावर विहिरीकडची जुनी बेटं कुदळीने उपटली. एकेका ठोंबाला दोन-तीन फुटवे ठेवले, पाती वीतभर राखून छाटली, मुळं चार बोटं ठेवली. शेणकाल्यात बुडवून ओल्या गोणपाटाखाली ठेवले आणि त्याच दिवशी लावले. अंतर १० ते १५ सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. पंधरा दिवसांनी मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावून नांग्या भरल्या, जुलैत पुन्हा एकदा.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. वाळ्याला सावली सोसत नाही. फणसाखालची ओळ बारीकच राहिली. फांद्या छाटून ऊन आत घेतलं तेव्हा ती सावरली. दाट काजूंखालचा तुकडा शेवटी सोडून दिला.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ओळींतली बेटं एकमेकांना भिडली. वरून आलेली माती ओळीमागे अडून वीतभर साचली, आणि वाळा तिच्यातून वर येत राहिला. आता पाती गुडघ्याखाली कोयत्याने कापते आणि पोफळीच्या बुंध्याशी आच्छादन घालते. कोवळी पाती गुरंही खातात.

मुळांना गिऱ्हाईक आहे, ती विकू या, असं घरात अधूनमधून निघतं. उतरणीवरची मुळं मी काढू देत नाही. मूळ काढायचं म्हणजे अख्खं बेट उपटायचं, बांधच फोडायचा. माठासाठी विहिरीकडे वेगळा वाफा केला आहे, तिथली दीड वर्षांनी काढतो. धुऊन माठात टाकली की सासूबाई पहिला तांब्या स्वतः भरून घेतात.

यंदा नांग्या भरायला अकरा ठोंब लागले.