दुसरा प्रोसेसर बसवला, पण सर्व्हरला दिसेना

सर्व्हरमध्ये बसवलेला दुसरा प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमला दिसला नाही, की हमखास सल्ला मिळतो: ओएस पुन्हा टाका. एके काळी या सल्ल्यात तथ्य होतं. विंडोज २००० मध्ये एका प्रोसेसरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वेगळा आणि अनेकांचा वेगळा असायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॉम्प्युटर’खाली जाऊन एसीपीआय युनिप्रोसेसरचं एसीपीआय मल्टिप्रोसेसर करावं लागे, आणि तिथे चुकीची नोंद निवडली तर मशीन पुन्हा उठतच नसे. व्हिस्टापासून विंडोज हे बूट होतानाच ठरवतं आणि सर्व्हरवरचा लिनक्स कर्नल मुळातच अनेक प्रोसेसरांसाठी बांधलेला असतो. आज ओएस पुन्हा टाकून फक्त दिवस वाया जातो.

ओएस स्वतः सॉकेटमध्ये डोकावत नाही. बूट होताना फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर (बायोस), एसीपीआयच्या तक्त्यात, म्हणजे ओएसला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या यादीत, प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरची (ओएस स्वतंत्र प्रोसेसर म्हणून मोजतं त्या प्रत्येक थ्रेडची) नोंद करतं. कर्नल ती यादी वाचतो आणि एकेकाला जागं करतो. यादीत नावच नसेल, तर वर कितीही कमांड चालवा, काही होणार नाही. म्हणून शोध खालून वर घ्यायचा: आधी हार्डवेअर, मग बायोस, मग कर्नल.

विकत घेण्याआधीच एक गोष्ट बघा. इंटेल झिऑन ६२१२यू किंवा एएमडी एपिक ७३०२पी यांसारख्या मॉडेलांच्या शेवटी असलेला ‘यू’ किंवा ‘पी’ म्हणजे तो एकाच सॉकेटसाठीचा प्रोसेसर. दोन सॉकेटच्या बोर्डावर त्याची जोडी जमत नाही. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे हवेत, आणि शक्यतो स्टेपिंगही (त्याच मॉडेलच्या चिपची आवृत्ती) एकच. नव्याचं स्टेपिंग वेगळं असेल तर जुन्या बायोसला ते ओळखीचं नसतं. म्हणून बायोस अपडेट आधी करायचं, एका प्रोसेसरवर मशीन नीट चालतंय तोवर. दोन बसवून अडकल्यावर अपडेट करणं फार जिकिरीचं होतं.

एलजीए ३६४७ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. झाकण काढलं की टॉर्च तिरपा धरून बघा. सगळ्या पिना एकाच दिशेने चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. अशी पिन नेहमी प्रोसेसरच बंद पाडते असं नाही. कधी कधी प्रोसेसर व्यवस्थित दिसतो आणि सहापैकी एक मेमरी चॅनल गायब होतं. मग आठवडाभर रॅमवर संशय घेतला जातो. हीटसिंकचे स्क्रू टी-३० टॉर्क्सने, हीटसिंकवर छापलेल्या आकड्यांच्या क्रमानेच आवळा.

दुसऱ्या सॉकेटच्या बाजूचे रॅमचे खण त्या प्रोसेसरच्याच ताब्यात असतात. तिकडे रॅम लावली नाही, तर काही बोर्ड बूटच होत नाहीत. काही होतात, पण लिनक्सच्या ‘नुमासीटीएल’ कमांडला हार्डवेअर विचारलं की दुसऱ्या नोडचा (एक प्रोसेसर आणि त्याची रॅम मिळून एक नोड) आकार शून्य एमबी दिसतो, म्हणजे त्या प्रोसेसरचं प्रत्येक वाचन शेजाऱ्याच्या रॅममधून होतंय. दोन्ही बाजूंना रॅम सारखीच वाटा.

आता कर्नल. लिनक्सवर प्रोसेसरांची माहिती देणारी ‘एलएससीपीयू’ कमांड चालवा. १६ कोरचे दोन प्रोसेसर आणि हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) चालू असेल, तर सॉकेट २, सॉकेटमागे कोर १६, कोरमागे थ्रेड २, एकूण ६४ असा हिशेब लागला पाहिजे. सॉकेट १ च दिसत असेल आणि मॅनेजमेंट कन्सोललाही (ओएसवर अवलंबून नसलेली, सर्व्हरची स्वतःची देखरेख यंत्रणा) एकच दिसत असेल, तर पुन्हा हार्डवेअरकडे वळा. कन्सोलला दोन दिसतात पण लिनक्सला नाही, तेव्हा बूटच्या वेळच्या कर्नल पॅरामीटरांत बघा. प्रोसेसरांच्या संख्येवर मर्यादा घालणारं ‘मॅक्ससीपीयूज’ राहून गेलेलं असेल तर उरलेले प्रोसेसर ऑफलाइन यादीत दिसतात आणि चालत्या मशीनवरही जागे करता येतात. तशीच मर्यादा घालणारं ‘एनआर-सीपीयूज’ असेल तर ते कर्नलच्या हिशेबातच नसतात. ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमधून ते काढून रीबूट करण्याला पर्याय नाही. प्रोसेसर मोजणाऱ्या ‘एनप्रॉक’ कमांडच्या एकट्या आकड्यावर विसंबू नका. तो फक्त त्या प्रोसेसला मिळालेले प्रोसेसर मोजतो, आयसोलेट केलेले (सर्वसाधारण कामांपासून वेगळे राखलेले) सोडून देतो.

सगळं दिसू लागलं की बहुतेक जण इथे थांबतात, आणि खरी चूक इथेच होते, कारण नंबर बदललेले असतात. वरच्या १६ कोरच्या उदाहरणात, बहुतेक इंटेल मशीनवर आधी ० ते १५ हे कोर आणि १६ ते ३१ हे त्यांचेच जुळे थ्रेड होते. दुसरा प्रोसेसर आल्यावर १६ ते ३१ हे नव्या सॉकेटचे कोर होतात आणि पहिल्याचे जुळे ३२ ते ४७ वर जातात. डेटाबेसला ०-३१ असं बांधून ठेवलेलं असेल, तर काल ते एका सॉकेटवर होतं, आज दोन्हींवर पसरलंय. काही बोर्ड सम नंबर एका सॉकेटला आणि विषम दुसऱ्याला देतात. म्हणून ‘एलएससीपीयू’च्या नुमा ओळी (कोणते नंबर कोणत्या नोडचे ते सांगणाऱ्या) वाचून प्रत्येक पिनिंग, म्हणजे प्रोग्रामला ठरावीक नंबरांवर बांधणारी सेटिंग, नव्याने लिहा. पीसीआय बसचे नंबर सरकून नेटवर्क कार्डाचं नावही बदलू शकतं. रीबूटनंतर सर्व्हर नेटवर्कवर आला नाही, तर आधी ते तपासा. त्यासाठी कन्सोलचा पासवर्ड हाताशी ठेवूनच काम सुरू करा.

व्हर्च्युअल मशीनचं तंत्र वेगळं. व्हीएमवेअरमध्ये सीपीयू हॉट ॲड ही सोय मशीन बंद असतानाच चालू करावी लागते. केव्हीएममध्ये (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) प्रोसेसरांचा कमाल आकडा आधीच जास्त ठेवलेला असेल, तरच ‘व्हर्श’ची ‘सेटव्हीसीपीयूज’ कमांड लाइव्ह चालते. काही लिनक्स गेस्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या ओएसमध्ये) नवा प्रोसेसर येतो तो ऑफलाइन. सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) त्याच्या ‘ऑनलाइन’ फायलीत १ लिहिला की तो कामाला लागतो.

विंडोज सर्व्हरवर आकडा अडला तर एमएसकॉन्फिग या सेटिंग प्रोग्रामच्या बूट टॅबमधली प्रोसेसरसंख्येची खूण काढा. आठ प्रोसेसरांच्या व्हर्च्युअल मशीनवर विंडोजला आठही दिसतात आणि तरी एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची एक आवृत्ती) चारच वापरतो, तेव्हा मशीनची रचना बघा. ८ सॉकेट आणि प्रत्येकी १ कोर अशी असेल, तर स्टँडर्डची ४ सॉकेटची मर्यादा आड येते. मशीन बंद करून तीच संख्या २ सॉकेट आणि प्रत्येकी ४ कोर अशी मांडा; आठही वापरात येतात.