टाच

इंदूरमधील एका पुनर्वसन रुग्णालयात मी गेली चौदा वर्षे परिचारिका आहे आणि त्यांतील सहा वर्षे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. पक्षाघाताचे, मणक्याच्या इजेचे आणि डोक्याला मार लागलेले रुग्ण आमच्याकडे दोन-दोन, तीन-तीन महिने राहतात. भेटायला येणाऱ्यांना व्यायामाचा हॉल दाखवला जातो, म्हणून त्यांना वाटते की रुग्ण दिवसभर तिथेच असेल. व्यायाम दिवसाकाठी अडीच-तीन तासांचा असतो. उरलेले एकवीस तास रुग्ण वॉर्डात आमच्या स्वाधीन असतो आणि ही हकीकत त्या एकवीस तासांतली आहे.

इंदूरच्या रामबाग वस्तीतले ७१ वर्षांचे एक काका डाव्या मेंदूला झटका येऊन आमच्याकडे आले. उजवी बाजू लुळी पडलेली होती आणि वाचाही गेलेली होती. हालचाल नसली तरी उजव्या पायाची संवेदना शाबूत होती, हे पुढे महत्त्वाचे ठरले. आयुष्यभर गिरणीच्या कचेरीत हिंदीतून हिशेब ठेवणाऱ्या या माणसाची भाषेची तपासणी हिंदीतच झाली आणि फाइलमध्ये नोंद झाली की त्यांना बोललेले जवळजवळ कळत नाही. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूला इजा झाली तर दोन्ही भाषा सारख्याच जातात असे नाही. अल्बेर पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी अशा रुग्णांबद्दल १८९५ मध्येच लिहून ठेवले आहे. काकांची हिंदी गेली होती आणि घरातली मराठी तुटकतुटक उरली होती. सायंकाळी मुलीने ‘शुभं करोति’ सुरू केले की ते दुसऱ्या ओळीपासून तिच्याबरोबर म्हणत. इंदूरसारख्या गावात, जिथे निम्मे जुने रुग्ण घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलतात, तपासणीपूर्वी घरची भाषा विचारण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती, याची मला आजही लाज वाटते.

मुलगी शाळेत शिक्षिका आहे. भेटीची वेळ चार ते सहा. ती रोज चारच्या ठोक्याला येई आणि वडिलांनी काय खाल्ले, कोणत्या कुशीवर होते, काय बोलले हे सारे वेळेसकट एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवी. नातेवाइकाने वही काढली की आमच्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. तिचे नाव ‘वहीवाली’ पडले होते आणि ती आली की अटेंडंट दुसऱ्या खोलीत कामे शोधत.

पाऊल खाली लोंबून आखडू नये म्हणून चौथ्या दिवशी काकांच्या उजव्या पायाला पोटरीपासून बोटांपर्यंत स्प्लिंट, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा प्लास्टिकचा आधार, बसवली गेली. अशी स्प्लिंट काही तासांनी काढून आतली कातडी पाहावी लागते, विशेषतः टाच, कारण टाचेच्या हाडावर मांसाची गादी फार पातळ असते आणि दाबाने तिचा रक्तपुरवठा चटकन तुटतो. आमच्याकडे मात्र स्प्लिंट फिजिओथेरपी विभागाची मानली जाते. वॉर्डला वाटते की त्यांची वस्तू आपण सोडू नये, आणि त्यांना वाटते की रात्री वॉर्ड सोडतच असेल. मुलीला तर पहिल्याच दिवशी बजावले होते की पट्ट्यांना हात लावायचा नाही.

पाचव्या ते नवव्या दिवसापर्यंत मी रजेवर होते. परत आल्यावर फाइल चाळताना सातव्या, आठव्या आणि नवव्या रात्रीच्या नोंदी वाचल्या. तिन्हींत हिंदीत एकच मजकूर होता, ‘पेशंट दुखी है, रोता है’. त्यावरून मानसोपचारतज्ज्ञ येऊन गेले होते आणि नैराश्याची गोळी सुरू झाली होती. मीही ते वाचले आणि पान उलटले.

अकराव्या दिवशी मुलगी वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने दोन नोंदींवर बोट ठेवले. पहिली अशी होती: ‘नववा दिवस, ४.२०. बाबा सारखे टा म्हणतात. ताट? टाच? नर्सला विचारले, ती म्हणाली टाटा करते हैं.’ दुसरी आदल्या सायंकाळची होती: ‘६.००. मोठ्या सिस्टरांनी टाटा केले. बाबांनी हात खाली घेतला आणि रडले.’

मोठी सिस्टर म्हणजे मी. ड्यूटी संपवून निघताना काकांनी डावा हात उचलून ‘टा… टा…’ म्हटले होते आणि मी दारातून हात हलवून ‘टाटा काका, उद्या येते’ म्हणाले होते. रात्रीच्या अटेंडंटला मराठी येत नाही. माझी तर ती मायबोली आहे.

आम्ही दोघी खाटेपाशी गेलो. मी पट्ट्या सोडल्या, स्प्लिंट बाजूला केली आणि मोजा खाली सरकवला. टाचेच्या मागच्या बाजूला दहाच्या नाण्याएवढा जांभळट काळा डाग होता. कातडी फाटलेली नव्हती, पण बोटाखाली ती पिकलेल्या फळासारखी लिबलिबीत लागत होती. नवख्या माणसाला असा डाग मुका मार वाटतो. आत हाडालगतचे मांस आधी मेलेले असते आणि वरची कातडी शेवटी फुटते. मी मराठीत विचारले, “काका, इथे दुखतं का?” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सबंध शब्द उच्चारला, “टाच.” मग पुन्हा म्हणाले, “टाच. दुखतं.” तीन रात्री ते हेच सांगत होते आणि आमच्या हिंदी कानांनी त्याचे ‘दुखी’ केले होते.

कूस बदलण्याचा तक्ता मी त्याच वेळी काढला. रात्री आठ ते सकाळी आठ, दर दोन तासांनी एक याप्रमाणे सहा खुणा आणि शेजारी ‘त्वचा तपासली’ या रकान्यात तितक्याच खुणा. सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच कलाच्या, एका बैठकीत केलेल्या. असा तक्ता ओळखायला मला क्षणभरही लागत नाही आणि त्याचा संताप येतो. तरीही रात्रीच्या सिस्टरला मी कामचुकार म्हणणार नाही. वॉर्डात अठरा रुग्ण, त्यांतील अकरा स्वतः कूस न बदलू शकणारे. एकाला नीट वळवून उशा लावायला दोन माणसांना आठ मिनिटे लागतात. अकरा रुग्ण, सहा वेळा, आठ मिनिटे, म्हणजे पावणेनऊ तास, आणि त्यात नळीचे अन्न, कफ ओढणे, कपडे बदलणे काही धरलेले नाही. दोनच अटेंडंट देऊन तक्ता मात्र पूर्ण भरलेला मागणाऱ्या व्यवस्थेला खोट्या खुणाच मिळतात.

या प्रकाराबद्दल पुढे झालेल्या बैठकीत व्यवस्थापनातील एक गृहस्थ मुलीला म्हणाले, “मॅडम, लंबे समय के पेशंट में ये होता ही है।” ती काही बोलली नाही. वही उघडून तिने त्यांच्यासमोर ठेवली. फिजिओथेरपीच्या प्रमुखांनी स्प्लिंटच्या मापाबद्दल दहा मिनिटे सांगितले आणि ती सोडायची कोणी, या प्रश्नाला हात घातला नाही. तक्त्यावरील खुणा खोट्या आहेत असे मी म्हटले, तेव्हापासून काही सहकारी माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

त्या दिवसापासून पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली. जखम भरायला नऊ आठवडे गेले आणि तोवर त्या पायावर भार देता आला नाही, म्हणून चालण्याचा सराव तितकाच लांबला. नैराश्याची गोळी बंद झाली. भाषेची तपासणी मुलीला शेजारी बसवून मराठीत पुन्हा झाली आणि काकांना बहुतेक सगळे कळत होते असे निघाले. मुलीने खाटेच्या वर एक पुठ्ठा लावला: दुखतं म्हणजे दर्द, टाच म्हणजे एड़ी, कूस म्हणजे करवट. लिपी एकच असल्याने रात्रीची मंडळी तो सहज वाचू लागली. आदल्या सायंकाळच्या त्या नोंदीबद्दल मुलीने मला कधीच विचारले नाही. मी माफी मागितली तेव्हा तिने मान हलवली आणि बाबांची उशी सरळ केली.

अशा घटनेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात ‘रुग्णाने तक्रार केली होती काय?’ असा एक रकाना आहे. माझ्याकडे सहीसाठी कागद आला तेव्हा त्यात ‘नाही’ असे आधीच टाइप केलेले होते. ते खोडून मी ‘होय, सातव्या रात्रीपासून’ असे लिहिले आणि खाली सही केली.