तुम्ही विचारलंत म्हणून: मानते की नाही

कपाळावर भंडारा लावलेला माझा जेजुरीचा फोटो नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर टाकल्यापासून एकही लग्न, एकही बारसं असं गेलं नाही की कोणीतरी पंगतीत शेजारी बसून विचारलं नाही, "काय गं, तू तर देव मानत नव्हतीस ना, मग आता मानतेस का?" घरचे हसत विचारतात, आलीस ना शेवटी लायनीवर, अशा सुरात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले जुने मित्र विचारतात तेव्हा हसत नाहीत. दोघांनाही मी आजवर "जाऊ दे ना" म्हणून टाळलंय. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या बारशात मला सुखाने जेवता येईल.

नाही मानत. झालं?

नाही होत ना, कारण लगेच पुढचा प्रश्न असतो, मग कपाळावर भंडारा कसला?

कॉलेजात मी काय करायचे ते तुम्हाला माहितीय. शाळाशाळांत जाऊन नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवायचा, मंत्र पुटपुटत पाणी शिंपडलं की भप्पकन जाळ, मग पोरांना सगळं उघडून दाखवायचं. तूप म्हणून ग्लिसरीन ओतून पोटॅशियम परमँगनेट पेटवायचं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर तर मी फारच कडक झाले. म्हणजे ते स्वतः आयुष्यभर सांगत राहिले की आमचं भांडण देवाधर्माशी नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे, आणि मी मात्र मावशीच्या सत्यनारायणाला जाऊन प्रसादाला हात न लावता परत आले. मावशी अजून ऐकवते. ऐकवू दे, तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं आणि अर्धंमुर्धं अजूनही वाटतं.

आता मूळ गोष्ट. लेक सातव्या महिन्यात झाली, सव्वा किलोची. काचेतून बघितली तर प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी कागदावर पेनाने द्राक्षाच्या घोसासारखं काहीतरी काढून दाखवलं, म्हणाले फुफ्फुसातले हे फुगे उघडे ठेवायला आत एक पातळ थर लागतो, पुरेसा तयार व्हायला आठवा महिना उलटावा लागतो, हिच्याकडे तो नाहीये, म्हणून बाहेरून द्यावा लागेल, श्वासनलिकेत नळी घालून. सरफॅक्टंट. गायीच्या नाहीतर डुकराच्या फुफ्फुसातून काढलेलं असतं. कुठलं ते मी विचारलं नाही, घरात कोणी विचारलं असतं तर मी काय बोलले असते देव जाणे (बघा, हे असं तोंडात येतंच). सही केली. नवरा औषध आणायला खाली मेडिकलमध्ये पळाला.

सासूबाई बाहेर बाकावर होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मी खंडोबाला बोललेय गं, पोरीला घेऊन पायऱ्या चढीन, तळी भरीन." त्यांचे गुडघे गेलेले, घरातला जिना चढताना दोनदा थांबतात. मी काहीच म्हटलं नाही. एरवी म्हटलं असतं.

त्या रात्री काढलेलं दूध द्यायला आत गेले. एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे असतात, बेसिनच्या वर चित्रं लावलेली, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग मनगट. मी चित्रं बघत बघत हात घासत होते, आत कुठल्यातरी मशीनचा अलार्म वाजत होता, आपल्याच बाळाचा की दुसऱ्याच्या ते बाहेरून कळत नाही, सिस्टर धावत नव्हती चालत होती म्हणजे फार काही नसेल असं मी स्वतःला समजावत होते, आणि त्याच वेळी माझ्या तोंडून बाहेर पडलं, चक्क मोठ्याने, "हिला राहू दे, मी परत कधी तुझ्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही."

तुझ्या म्हणजे कुणाच्या, माहीत नाही. खंडोबाच्या नाही, ते खातं सासूबाईंकडे होतं. समोर फक्त साबणाची बाटली होती.

नवसच तो, दुसरं काय म्हणणार. देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून मी माझी बडबड देऊ केली.

कॉलेजातली मी आत्ता इथे असती तर म्हणाली असती, सोपंय, भीती, घाबरलेला माणूस काहीही बोलतो, त्याला श्रद्धा म्हणू नकोस. बरोबर आहे बाई. पण घाबरून मी आईला फोन लावू शकले असते, नवरा तर दाराबाहेरच उभा होता, त्याला मिठी मारता आली असती. मी यातलं काही केलं नाही, मी कुणाशीतरी सौदा करत होते. तो 'कुणीतरी' नाही हे मला त्या क्षणीही पक्कं माहीत होतं आणि तरी मी घासाघीस केली. याला काय म्हणायचं ते तू ठरव, मला तुझं 'भीती' पुरत नाही.

आणि घरच्यांनो, तुम्ही लगेच खुश होऊ नका. 1963 साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला, माझ्या लेकीपेक्षा चांगला मोठा, वजन दोन किलोच्या वर. त्यालाही हाच आजार. दोन दिवसही काढले नाहीत त्याने. घर कॅथलिक, अख्खा देश डोळे लावून बसलेला, प्रार्थना काय कमी झाल्या असतील? कमी होतं ते औषध. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारा नावाच्या डॉक्टरांनी गायीच्या फुफ्फुसातून बनवलेलं सरफॅक्टंट अशा बाळांना देऊन दाखवलं, तिथून चित्र बदललं. माझी पोर त्यामुळे वाचली. तिच्या वाढदिवसाला कोणी "खंडोबाची कृपा" म्हणालं की मला आजही राग येतो, आणि मी हसून केक कापते.

जेजुरीला गेलो ते सासूबाईंच्या नवसासाठी. त्या गुडघे धरून, कठड्याला टेकत चढल्या, लेक माझ्या कडेवर. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, पाच जणांनी मिळून ते तीनदा वर उचललं, सदानंदाचा येळकोट! मी म्हटलं का? म्हटलं. सगळे ओरडत असताना ओठ आवळून उभं राहणं मला जास्त नाटकी वाटलं असतं. त्याबद्दल मी चळवळीतल्या कोणाची माफी मागणार नाहीये. तिथे कोणी कुणाला फसवत नव्हतं, एक म्हातारी बाई आपला शब्द पाळत होती.

शब्द पाळला नाही तो मी. लेक वर्षाची झाल्यावर मी परत शाळांमध्ये जायला लागले, तोच नारळ, तेच सोडियम. पहिल्याच कार्यक्रमाच्या रात्री तिला ताप भरला, 102. पाळणाघरातली निम्मी पोरं त्याच तापाने घरी होती, व्हायरल होता, तिसऱ्या दिवशी उतरलाही. मला हे सगळं कळतं. तरी थर्मामीटर बघताना मी मनात हिशोब केला होता, आणि खोटं कशाला बोलू, अजून करते. तिला साधी सर्दी झाली तरी आधी आठवतं, या महिन्यात आपण कुठे काय बोललो होतो. मग मुद्दाम पुढचा कार्यक्रम घेते. निर्भय आहे म्हणून घेते की आतल्या आत कोणाला तरी चिडवायला, ते मला सांगता येत नाही.

शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना होता. 2014 साली मुंबई हायकोर्टाने स्पष्ट सांगितलंय की सरकार कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, 'धर्म नाही' असं सांगायचाही हक्क आहे. मला तो निकाल तोंडपाठ. तरी मी 'नाही' लिहिलं नाही, रकाना कोरा सोडला, आणि क्लार्कने माझ्यासमोर आडनाव वाचून तो भरून टाकला. 2011 च्या जनगणनेत साधारण 28 लाख 67 हजार लोकांची नोंद 'धर्म सांगितला नाही' अशी आहे, म्हणजे 0.24 टक्के. त्यातले ठाम नास्तिक किती आणि माझ्यासारखे कोरा सोडणारे किती, कोण जाणे.

एका मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, अगं भारी उदाहरण आहे, भाषणात सांग, भीतीतून देव कसा जन्मतो. सांगणार नाही. आणि मावशीलाही 'संकटात नास्तिकालाही देव आठवतो' म्हणून हे फॉरवर्ड करू देणार नाही. केलंस तर प्रसाद राहिला बाजूला, मी जेवायलाच येणार नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांना माझ्या नवसाचं आजवर माहीत नव्हतं, आता चष्मा लावून सगळं वाचतील. त्या काय म्हणतील तेही मला माहितीय, "अगं वेडे, आधी सांगायचंस, तुझ्या वतीने मी माफी मागून येते." त्यांना अडवणार नाही. पण एकट्या जाऊ नका आई, त्या पायऱ्या तुम्हाला आता झेपायच्या नाहीत. मी सोबत येईन. वरपर्यंत येईन की खाली चहाच्या टपरीवर थांबेन, ते अजून ठरलेलं नाही, चंपाषष्ठीला वेळ आहे.