डिस्प्ले येत नाही

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवर ज्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते त्या रस्त्यावर, एका दुकानाच्या पोटमाळ्यावर संगणक जोडण्याच्या टेबलाशी मी गेली चौदा वर्षे काम करतो आहे. या चौदा वर्षांत ‘डिस्प्ले येत नाही’ हे तीन शब्द मी इतक्या वेळा ऐकले आहेत, की ते कानावर पडताच हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. मात्र जुलै २०२३ मधल्या एका मंगळवारी हे शब्द ज्या मुलीने उच्चारले, तिचा चेहरा पाहून माझा हात क्षणभर थांबला.

बाहेर धो धो पाऊस होता. नालासोपाऱ्याहून गर्दी ओसरल्यावरची लोकल पकडून त्या मायलेकी मुंबई सेंट्रलला उतरल्या होत्या आणि संगणकाचे कॅबिनेट भिजू नये म्हणून तिथून टॅक्सी करून दुकानात आल्या होत्या. कॅबिनेटला चादरीत गुंडाळून वर दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या आणि सुतळीने घट्ट बांधले होते. मुलगी नुकतीच बारावी झालेली होती आणि तिचा बी.एस्सी. आयटीला प्रवेश ठरला होता. आई घरी ब्लाउज शिवत असे. संगणकासाठीचे चाळीस हजार रुपये तिच्या भिशीतून आलेले होते. ही गोष्ट तिने मला दोनदा सांगितली, कारण भिशीचे पैसे एकदा उचलले की आपला नंबर पुन्हा लवकर येत नाही.

“दादा, पंखे फिरतात, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येतंय. चार दिवस झाले,” मुलगी म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “माझ्याच हातून काहीतरी जळलं असेल.”

तिने शंभर पानी वहीतले एक पान माझ्यापुढे ठेवले. त्यावर पट्टीने रेघा आखून यादी केली होती: कोअर आय५ १२४००एफ प्रोसेसर १३,२००, एच६१० मदरबोर्ड ६,८००, १६ जीबी डीडीआर४ रॅमची एक पट्टी ३,३००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी (साठवणीची डिस्क) २,९००, एसएमपीएससह (वीजपुरवठ्याच्या डब्यासह) कॅबिनेट २,४००, कीबोर्ड आणि माउस ९००. खाली बेरीज होती २९,५००. उरलेल्या १०,५०० मधून मॉनिटर ७,४०० आणि यूपीएस ३,१०० अजून घ्यायचे होते. तोवर घरातल्या टीव्हीला जोडून मशीन सुरू होते का, एवढेच तिला पाहायचे होते.

यादी वाचताक्षणीच बिघाड माझ्या लक्षात आला, पण मी लगेच बोललो नाही. एका अंदाजावर विसंबून दुसरा दोष नजरेआड करण्याची चूक मी सुरुवातीच्या वर्षांत केलेली आहे. त्यामुळे कॅबिनेट आडवे करून बाजूची पत्रा-पट्टी काढली आणि नेहमीच्या क्रमाने सगळे तपासले. बोर्डाची चोवीस पिनांची वायर पूर्ण बसलेली होती. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची वरच्या कोपऱ्यातली वायर, जी नवखी माणसे हमखास विसरतात, तीही जागेवर होती. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवला आणि पुन्हा बसवली. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चार प्लास्टिक खुंट्या एकेक करून दाबून पाहिल्या. चारही आरपार जाऊन बोर्डाच्या मागे फाकलेल्या होत्या. या खुंट्यांपैकी एखादी अर्धवट राहणे हा घरगुती जोडणीतला नेहमीचा दोष आहे, आणि तोही इथे नव्हता. वायरीसुद्धा दोऱ्याने नीट बांधून मागच्या बाजूने नेलेल्या होत्या. तो शिलाईचा दोरा होता.

मग मी आमच्याकडचे तपासणीसाठी ठेवलेले जुने ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारे वेगळे कार्ड, तिच्या बोर्डात बसवले, मॉनिटरची केबल त्या कार्डाला जोडली आणि बटण दाबले. पाच-सात सेकंदांत पडदा उजळला. प्रोसेसरचे नाव, १६,३८४ एमबी रॅम आणि एसएसडी, सगळे ओळीने दिसले.

“तू काहीही बिघडवलेलं नाहीस,” मी तिला म्हणालो. “जोडणी अगदी बरोबर आहे. प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षराने घोटाळा केला आहे.”

ती बराच वेळ पडद्याकडे नुसती पाहत राहिली. आईने मात्र लगेच विचारले, “म्हणजे किती जातील?”

इथे जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बेताच्या पैशांत पहिला संगणक जोडणारी कितीतरी मुले याच ठिकाणी फसतात. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असले, तर त्यात चित्र पडद्यावर पाठवणारा अंगभूत ग्राफिक्सचा भाग वापरता येत नाही. १२४०० आणि १२४००एफ या दोघांतही सहा कोअर, बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग आणि १८ एमबी कॅशे असते. तुलनेचे तक्ते समोर ठेवले तर दोन्ही रकाने सारखेच दिसतात आणि एफवाला मात्र स्वस्त मिळतो. हिशेबी माणूस अर्थातच स्वस्त घेतो. फसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे मदरबोर्डाच्या मागची एचडीएमआयची खाच. ती दिसली की चित्र येणारच, अशी समजूत होते. प्रत्यक्षात ती खाच म्हणजे केवळ वाट आहे. त्या वाटेने पाठवायचे चित्र प्रोसेसरने तयार करावे लागते, आणि एफमध्ये ते तयार करणारे कोणी नसते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत नेमका उलटा प्रकार आहे: रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे आणि नुसत्या ५६०० मध्ये नाही. एकीकडे ‘एफ’ असले की उणे आणि दुसरीकडे ‘जी’ असले की अधिक, असा हा मामला आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणारच असाल तर एफ हा योग्य आणि शहाणपणाचा पर्याय ठरतो; त्या प्रोसेसरला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. या मुलीच्या यादीत कार्ड नव्हते, एवढीच अडचण होती.

खोके फोडलेला प्रोसेसर परत घेतला जाणार नव्हता. दोन-एक हजारांत जुने जीटी ७१० कार्ड बसवून देणे मला सर्वांत सोपे होते आणि कदाचित दुसऱ्या कोणी तेच केले असते. ते मला पटले नाही. ते कार्ड २०१६ मध्ये बाजारात आलेले आणि त्याला नियमित ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मिळणे २०२१ मध्येच थांबलेले. शिवाय वापरलेल्या मालाची वॉरंटी नाही. मुलीला कोडिंगबरोबरच आईच्या शिवणकामाचे व्हिडिओ संपादित करायचे होते, आणि त्या कामात साध्या १२४०० मधला अंगभूत ग्राफिक्सचा भाग खरोखर हातभार लावतो, कारण व्हिडिओ उलगडणे आणि पुन्हा बांधणे हे काम तो प्रोसेसरच्या कोअरवरून स्वतःकडे घेतो. दोन हजार खर्च करून कमकुवत वस्तू घेण्यापेक्षा थोडे अधिक घालून मूळ चूकच दुरुस्त करावी, असे माझे मत झाले.

योगायोगाने त्याच दिवशी परळच्या एका तरुणाचे गेमिंग मशीन माझ्याकडे जोडणीला होते. त्याला हवा होता एफच, पण त्या आठवड्यात आमच्याकडे तो शिल्लक नसल्याने नाइलाजाने १५,५०० चा साधा १२४०० घ्यावा लागला होता आणि त्याचे खोके अजून फोडलेले नव्हते. मी त्याला फोन केला आणि सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली: खोके फोडलेले आहे, प्रोसेसर एकदा बसवून काढलेला आहे, मी स्वतः तपासला आहे, तीन वर्षांची वॉरंटी अनुक्रमांकावर असते त्यामुळे खोके आणि बिल तुझ्याकडे येईल, आणि तुला तो १२,७०० ला पडेल. त्याने एकच प्रश्न विचारला, “तुम्ही तुमच्या मशीनमध्ये बसवला असता का?” मी हो म्हणालो आणि त्याने होकार दिला. मुलीने फक्त किमतीतला फरक, म्हणजे २,३०० रुपये द्यायचे ठरले. मधले पाचशे रुपये शेठनी दुकानाच्या खात्यावर घेतले. त्यांना जिना चढून वर यायलाही सांगावे लागले नाही. खालूनच “करून टाक” असा आवाज आला.

परंतु मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती. कॅबिनेटसोबत मिळालेला एसएमपीएस मी बाहेर काढून हातात घेतला, तेव्हा तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला. बाजूला ठळक अक्षरांत ‘५०० वॅट’ असे छापलेले होते. त्याखालच्या बारीक तक्त्यात मात्र बारा व्होल्टच्या रकान्यापुढे १६ अँपिअर असा आकडा होता. आजच्या संगणकात प्रोसेसर, पंखे आणि कार्ड असे जवळपास सगळे ओझे याच बारा व्होल्टवर असते. बारा गुणिले सोळा केले की १९२ वॅट येतात. पाचशेचा आकडा फक्त स्टिकरवर असतो. मी शेजारी आमच्याकडचा ४५० वॅटचा ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा एसएमपीएस ठेवला. त्याच्या तक्त्यात ३६ अँपिअर होते, म्हणजे ४३२ वॅट. दोन्ही मी आईच्या हातांत दिले, एकेका हातात एकेक.

तिने ते तराजूसारखे वर-खाली केले. “हा तर खेळण्यातला वाटतोय,” ती डाव्या हातातल्याकडे पाहत म्हणाली.

मी तिला घाबरवले नाही, कारण ते खरे ठरले नसते. ग्राफिक्स कार्ड नसलेले हे मशीन पूर्ण ताकदीने चालले तरी दीडशे वॅटच्या आसपास घेते. तो हलका एसएमपीएस काही महिने, कदाचित वर्षभरही चालला असता. पण पावसाळ्यात नालासोपाऱ्यात लाइट येते-जाते, दाब वर-खाली होतो, आणि असा धक्का बसला की चांगला एसएमपीएस स्वतः बंद पडून पुढच्या भागांना वाचवतो, तर हलका स्वतः जळताना बोर्डाला आणि डिस्कला बरोबर घेऊन जाऊ शकतो. ब्रॉन्झ हे प्रमाणपत्र मुळात विजेची नासाडी किती कमी होते याचे असते, सुरक्षेचे नव्हे, हेही मी सांगितले. सुरक्षेसाठी आतले संरक्षक सर्किट पाहावे लागते आणि ते या एसएमपीएसमध्ये होते. किंमत ३,००० रुपये.

आईने थोडा विचार केला. “माझ्या शिलाई मशीनचं असंच झालं होतं. मशीन चांगलं होतं, मोटर हलकी बसवली. मोटर जळली ती जळली, दिवाळीच्या तोंडावर आठ दिवस काम बंद.” मग लेकीकडे वळून म्हणाली, “हा जड घे. बाकीचं तू बघ कसं बसवायचं ते.”

मुलीने वही ओढली. २,३०० आणि ३,००० मिळून ५,३०० रुपयांचा नवा खर्च आणि हातात १०,५००. मॉनिटर आणि यूपीएस दोन्ही घेणे आता शक्य नव्हते. तिने मला विचारले की रॅमची एक पट्टी बदलून आठ-आठच्या दोन घेतल्या तर काही वाचेल का, कारण दोन पट्ट्या वेगाने चालतात असे तिने वाचले होते. तिने वाचलेले खरे होते, आणि अंगभूत ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरत असल्याने हा फरक जाणवतोसुद्धा. तरीही मी नको म्हणालो. एच६१० बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात. दोन्ही आज भरल्या तर उद्या वाढवताना एक पट्टी काढून टाकावी लागेल. सोळाची एक पट्टी आज आहे, दुसरी सोळाची जमेल तेव्हा घालता येईल. जी वस्तू नंतर नुसती भर घालून वाढवता येते तिला थांबवावे आणि जी बदलायची तर सगळे मशीन उघडावे लागते ती पहिल्याच दिवशी चांगली घ्यावी, या हिशेबाने मी गिऱ्हाइकाच्या यादीकडे पाहतो.

“मग मॉनिटर थांबेल,” ती म्हणाली. “टीव्ही आहे की.” टीव्हीवर अक्षरे तेवढी रेखीव दिसणार नाहीत हे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली. “चालेल. पण काम करताना लाइट गेली तर सगळं जाईल. यूपीएस आत्ताच घेऊ.”

मला तो निर्णय मनापासून आवडला. ६०० व्हीएच्या यूपीएसवर हे मशीन पाच-दहा मिनिटे टिकते आणि काम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढा वेळ पुरतो.

प्रोसेसर बदलायला मी बसलो तेव्हा खुर्ची तिच्याकडे सरकवली. जुना प्रोसेसर तिनेच उचलला, त्यावरची वाळत आलेली राखाडी पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसली आणि धातूवर कोरलेले नाव मोठ्याने वाचले, शेवटच्या अक्षरासकट. नवा प्रोसेसर खाचेवर धरून कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला, कुठेही न दाबता तो अलगद सोडला आणि मग त्याला धरून ठेवणारी पट्टी खाली घेतली. पट्टी बसताना करकर आवाज येतो. त्या आवाजाला तिने डोळे मिटले होते. या वेळी मॉनिटरची केबल तिने थेट बोर्डाच्या मागच्या खाचेत लावली आणि बटण आईला दाबायला सांगितले.

पडदा उजळला. आईने हात कपाळाला लावून नमस्कार केला.

निघताना पाऊस थांबला होता. कॅबिनेट पुन्हा चादरीत गुंडाळताना मुलीने वही उघडून मॉनिटरच्या ओळीवर एक रेघ मारली, समोर ‘दिवाळी’ असे लिहिले, आणि त्याखाली उरलेले २,१०० रुपये वेगळ्या रकान्यात मांडले.