शारजातील 'रेन रूम' आणि वेळ नसलेले तिकीट

दुबईला नातेवाइकांकडे जाणाऱ्या आणि सवडीने शारजातील 'रेन रूम' (दालनात कोसळणाऱ्या पावसातून न भिजता चालता येते अशी कलाकृती) पाहू इच्छिणाऱ्या मराठी मंडळींना माझी पहिली विनंती अशी की, तिकीट एजंटाकडून घेऊ नये. घेतलेच, तर त्यावर तारखेबरोबर वेळही छापलेली आहे ना, हे घरातून निघण्यापूर्वी पाहावे. आमच्या तिकिटावर तारीख होती, भरलेली रक्कम होती, सहलीसाठी शुभेच्छासुद्धा होत्या. वेळ तेवढी नव्हती.

या कलाकृतीत एका वेळी सहाच प्रेक्षकांना सोडतात आणि प्रत्येक गटाला १५ मिनिटे मिळतात, त्यामुळे वेळ न ठरलेल्या तिकिटाचा तेथे काहीच उपयोग नसतो. काउंटरवरील तरुणाने हे आम्हाला अत्यंत सौजन्याने, हिंदीत समजावून सांगितले. एजंटाने मात्र फोनवर 'हे ओपन तिकीट आहे, केव्हाही जा' हे एकच पालुपद लावले होते. शेवटी मी फोन त्या तरुणाच्याच हाती दिला, तेव्हा पलीकडून तो बंद झाला आणि पुन्हा लागला नाही. दरम्यान आमच्यानंतर आलेली कुटुंबे आत जाऊन, हसत बाहेर पडत होती. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते बाकावर बसून होते आणि 'आपल्याकडे पाऊस फुकट असतो' असे अधूनमधून ऐकवत होते. ते रत्नागिरीचे असल्याने त्यांच्याशी या विषयावर वाद घालणे शक्य नव्हते. अखेरीस मी तेथेच नवी तिकिटे घेतली, संध्याकाळची वेळ मिळाली, आणि तोवरचा काळ एजंटाला संदेश पाठवण्यात गेला. दुबईहून येणाऱ्यांनी रस्त्यावरील संध्याकाळच्या कोंडीचाही हिशेब धरावा, कारण हुकलेली वेळ वाहतुकीच्या सबबीवर परत मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

'रँडम इंटरनॅशनल' या कलावंतांच्या गटाने ही कृती २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात प्रथम मांडली; न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २०१३ साली तिच्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. शारजात ती २०१८ पासून कायमस्वरूपी आहे. अंधाऱ्या दालनात एकाच प्रखर दिव्याच्या उजेडात छतातून पाणी कोसळत असते, जाळीच्या जमिनीखाली जाते आणि शुद्ध होऊन पुन्हा वर चढवले जाते. छताजवळचे कॅमेरे माणसाची जागा टिपतात आणि तेवढ्याच भागातील धार थांबते. मात्र पाणी थांबायला क्षणभर लागतो, म्हणून झपाझप चालणारा भिजतो. एजंटावरचा सगळा राग पायांत घेऊन आत शिरलेल्या मला त्या दालनाने पहिल्या चार पावलांतच सावकाश चालायला लावले. बाबा त्यांच्या गुडघ्यांच्या चालीने संपूर्ण दालन कोरडे पार करून गेले आणि परतताना मुद्दाम हात लांब करून ओंजळ भिजवत राहिले. बाकावरचे शेरे त्यानंतर बंद झाले.

कपड्यांचे राहिलेच. गडद किंवा चकाकणारे कापड कॅमेऱ्यांना नीट दिसत नाही, तेव्हा फिकट रंग घालावेत. जाळीमुळे टोकदार टाचांच्या चपलाही टाळाव्यात.

एजंटाने अद्याप पैसे परत केलेले नाहीत. त्याऐवजी त्याने वाळवंट सफारीत सवलत देऊ केली आहे, तीही वेळ न कळवता.