वीसचे तीस: शिपिंग बिलातला एक आकडा बदलून घेताना

तुर्भ्याला आमची मसाल्याची छोटी गिरणी आहे. सांगलीचं हळकुंड आणायचं, दळायचं, चाळायचं आणि पंचवीस किलोच्या बॅगांत भरून परदेशी पाठवायचं. गेल्या वर्षी एका कंटेनरच्या शिपिंग बिलात, म्हणजे माल निर्यात करताना सीमाशुल्काकडे दाखल करायच्या कागदात, क्लिअरिंग एजंटकडून चूक झाली. हळद पावडरचा कोड ०९१०३०३०, त्याने टाकला ०९१०३०२०. म्हणजे सुकं हळकुंड. वर्णन, वजन, किंमत सगळं बरोबर होतं, पण निर्यातीची आकडेवारी मोजली जाते ती कोडवरून. आम्ही दळलेला माल देशाच्या हिशेबात अख्खं हळकुंड म्हणून गेला.

एजंट म्हणाला, "ताई, पैसे आले ना? मग सोडून द्या." मला ते सोडवेना. आपण कच्चा माल विकतो की प्रक्रिया करून विकतो, हे याच आकड्यांवरून ठरतं, आणि आमच्या गिरणीतल्या सहा बायकांचं काम त्या कोडमध्ये आहे.

आधी मी कोलकात्याला पत्र लिहायला बसले होते, कारण ही आकडेवारी तिथल्या वाणिज्यिक माहिती आणि सांख्यिकी महासंचालनालयात तयार होते. वाशीतल्या एका जुन्या निर्यातदार काकांनी थांबवलं. "तिथे सीमाशुल्काकडून आलेल्या नोंदी जमा होतात. मूळ कागद सुधार, आकडा मागून सुधारेल." सीमाशुल्क कायदा १९६२, कलम १४९, दाखल केलेले कागद दुरुस्त करण्याचं, हेही त्यांनीच सांगितलं.

अर्ज लिहिणं अवघड नव्हतं. अडलं ते सीमाशुल्काच्या कचेरीच्या खिडकीवर. पहिल्या फेरीत खरेदीदाराचं पत्र दिलं, त्याला पावडरच मिळाली असं लिहिलेलं. "हे चालणार नाही." का, ते कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या फेरीत लॅबचा नवा रिपोर्ट नेला. नाही. तिसऱ्या फेरीत शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. तेही नाही. दर वेळी अर्धा दिवस जायचा, गिरणीत ऑर्डर खोळंबायची. सात आठवडे असेच गेले. चौथ्या फेरीला शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी माझी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "अहो, हे सगळे कागद माल गेल्यानंतरचे आहेत. माल निघाला त्या वेळी जो कागद अस्तित्वात होता तोच धरतात." कलमातच तसं लिहिलं आहे. हे एक वाक्य पहिल्या दिवशी खिडकीतून मिळालं असतं तर माझे दीड महिने वाचले असते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन कपाट उपसलं. ट्रक निघाला त्या सकाळचं ई-वे बिल सापडलं, घडीवर हळदीचा पिवळा अंगठा उमटलेलं. त्यावर कोड बरोबर होता. त्याच तारखेचं जीएसटीचं ई-इन्व्हॉइस, त्यावरही ०९१०३०३०. हे दोन कागद जोडले आणि अर्ज पुढे सरकला.

म्हणून सांगते, मालाबरोबरचे कागद कधीही टाकू नका, डागाळलेले असले तरी. आणि बिल दाखल करण्याआधी एजंट चेकलिस्ट पाठवतो, ती व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दाखवून मंजूर करू नका, आठही आकडे वाचा. माल सुटण्याचा आदेश निघायच्या आत चूक सापडली तर दुरुस्ती खूप सोपी असते. रोडटेपचा, म्हणजे निर्यातदाराला कर परत देणाऱ्या योजनेचा, दरही कोडवरच ठरतो, तेव्हा तोही त्याच वेळी ताडून घ्या.

एका कंटेनरने काय होतं, असं कोणी म्हणालं की मी सोन्याचं उदाहरण देते. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आधी सुमारे १४.८ अब्ज डॉलर जाहीर झाली होती. दुहेरी मोजणी लक्षात आल्यावर ती सुमारे ९.८ अब्जांवर आणली गेली. दर महिन्याला जाहीर होणारे आकडे तात्पुरतेच असतात आणि नंतर सुधारले जातात. एवढा मोठा आकडा सुधारता येतो, तर आमचाही सुधारायलाच हवा होता.

दहाव्या आठवड्यात दुरुस्त प्रत हातात आली. तिथल्याच बाकावर बसून मी एकेक आकडा बोटाने वाचला आणि गिरणीत फोन लावला. आईने उचलला, मागे चक्की चालू होती, म्हणून ओरडून सांगावं लागलं, "आई, झालं! वीसचे तीस झाले!"